लाल रेघेच्या वर

३ जून, सोमवार. सकाळी ११.५०
ऑफिसात पाऊल टाकलं आणि डोकं फिरलं. साहेबांनी मला चार्ट करायला सांगितलाय. ऑफिसात कोण किती वाजता येतं, ते दारावरच्या कार्ड-मशीनमधून उचलून वेबपेजवर दाखवायचं. आडव्या ॲक्सिसवर तारखा, उभ्यावर वेळा, खालून वर चढत्या. एवढंच! दहा वर्षं कोड घासलेल्या माणसाला हे काम?
मग कळलं, पुढच्या मंगळवारी हा चार्ट मीटिंगमध्ये भिंतीवर दाखवणार आणि तिथेच नवा टीम लीड जाहीर करणार. म्हणजे मीच. नाहीतर काम मला कशाला दिलं असतं? सासऱ्यांना फोन करून सांगूनही टाकलं.
निश्चय: उद्यापासून नऊला हजर.

४ जून. दुपारी १२.०५
ट्रॅफिक. सगळे एकाच वेळी घराबाहेर पडतात, अक्कल म्हणून नाही.
चार्ट तयार. टेस्टरबाई म्हणते, तारखा एकमेकींवर चढल्यात, मुंग्या लागल्यासारख्या दिसतात. ही रोज नऊच्या आधी येऊन बसते, चुका शोधायला वेळच वेळ. तारखा तिरक्या केल्या. आता डिझायनर म्हणतो, वाचताना मानेत लचक भरली. नाटकी कुठला.

६/६, बहुतेक गुरुवार
अलार्म वाजला होता, असं बायको म्हणते. मला ऐकू आला नाही, म्हणजे वाजला नाही.
टेस्टरची नवी कटकट. चार्टप्रमाणे ती पहाटे सव्वातीनला ऑफिसात येते. सर्व्हर दूरच्या देशात आहे, तो तिथल्या घड्याळाप्रमाणे वेळ लिहितो, ती इथल्या वेळेत बदलून घ्यायला हवी म्हणे. चार्टप्रमाणे मी रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास हजर आहे. मला तरी चार्टमध्ये काही चूक दिसत नाही.
या कामासाठी लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड मिळतो, सगळे तीच वापरतात, हेही तिने ऐकवलं. सगळे वापरतात म्हणूनच मी वापरणार नाही. ऐकावं जनाचं, करावं मनाचं.

७ जून, शुक्रवार
संताप, संताप. चार्टवर जूनच्या जागी मे. मशीन महिने शून्यापासून मोजतं, जानेवारी म्हणजे शून्य! हे ज्याने ठरवलं तो समोर आला तर त्याला चांगला फैलावर घेईन. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, जमतंय का, की टेस्टरला देऊ? डिझायनर पुटपुटला, नाचता येईना, अंगण वाकडं. तोंडावर बोल म्हणावं.
आता असा चार्ट करतो की एकेकाचे डोळे उघडतील.

९ जून, रविवार
दिवसभर कॉम्प्युटरपुढून उठलो नाही. तीच लायब्ररी वापरली. घरी कोण बघतंय? तारखा सुटसुटीत, वेळा इथल्या, महिना बरोबर. प्रत्येकाचा ठिपका, ठिपक्यावर नाव. नऊ वाजले तिथे ठळक लाल रेघ, ही कल्पना खास माझी.
बायकोने पाहिला. म्हणाली, पार वरती एकटाच तुझा ठिपका का? म्हटलं, तुला चार्टमधलं कळत नाही. सगळ्यांत वर म्हणजे सगळ्यांच्या पुढे. ती आत निघून गेली.

११ जून, मंगळवार
मीटिंग मुद्दाम बाराला ठेवली होती. तुला जमावं म्हणून, असं साहेब म्हणाले. याला म्हणतात मान.
चार्ट भिंतीवर आला. साहेबांनी चष्मा लावून नीट पाहिला. मग म्हणाले, "आता कसं! शेवटच्या रांगेतूनही वाचता येतं." सगळ्यांनाच वाचता आलं. लाल रेघेच्या खाली टेस्टर, बाकीचे रेघेच्या आसपास, आणि छताला टेकायला आलेला मी, रोजच्या रोज. कोणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर भांडता तरी आलं असतं.
टीम लीड टेस्टर.
सासऱ्यांचा अभिनंदनाचा फोन आला. उचलला नाही.

१२ जून, बुधवार. सकाळी ८.५५
पोचलो. ऑफिसात फक्त ती आणि मी. आज माझा ठिपका रेघेच्या खाली. बघा म्हणावं आता सगळ्यांनी, डोळे फाडून बघा.
पेज उघडलं तर कोरं. मी ओरडलो, सर्व्हर बसला!
ती म्हणाली, "सर्व्हर ठीक आहे. काल संध्याकाळी साहेबांना विचारून मीच चार्ट बंद केला. कुणाला रोज असं भिंतीवर दिसायला नको."
कुणाला, ते मी विचारलं नाही.