दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर

देजॉन, दक्षिण कोरिया, १७ ऑक्टोबर १९९४

ती. मावशीस,
तुझ्या भाचीचा प्रभूमध्ये सलाम आणि सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून सांगण्याजोगी ही बातमी नाही, म्हणून लिहिते. बाप्तिस्म्याच्या परीक्षेत मी नापास झाले. आमच्या मंडळीत आजवर कोणी नापास झालेलं नाही. नोहा आणि मोशे यांची गल्लत करणाऱ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजीसुद्धा पास झाल्या.

झालं असं, पाळकसाहेब आणि मंडळीचे तीन पंच टेबलामागे बसले होते. पहिला प्रश्न आला, तू पापी आहेस हे कबूल करतेस का. म्हटलं, हा तर माझा हातखंडा विषय. मत्सर, आळस, कुढेपणा, नवऱ्यावर धरलेले राग, एकेक काढत मी वीस मिनिटं बोलले. बांग पंचांनी दोनदा पाणी मागवलं. मग दुसरा प्रश्न, येशूची तुझ्यावर प्रीती आहे असं मानतेस का. मी म्हटलं, त्याची सगळ्यांवर आहे. पाळकसाहेब म्हणाले, सगळ्यांचं राहू दे, तुझं सांग. मावशी, चुलीवर सूप आहे असं सांगून मी पळाले. आता उपकारस्तुतीच्या रविवारी बाप्तिस्मे आहेत, त्याच्या आदल्या दिवशी परत बोलावलंय.

खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. बाप्तिस्मा म्हणजे भर मंडळीत नाव पुकारणार. सहा वर्षं मी इथे चर्चच्या जेवणाला दोनशे माणसांचं सूप ढवळतेय आणि सगळ्यांना मी फक्त हानसोलची आई म्हणून माहीत आहे. चौथी मुलगी झाली, आता पुरे, ही शेवटची, असा अर्थ असलेलं नाव कोण मिरवेल? एस्तेर वगैरे एखादं नाव द्या म्हणून मी विनवलं, पण आपल्यात तशी रीत नाही म्हणाले.

मला माझा तिटकारा येतो, मावशी. शिवणाच्या दुकानातला गिऱ्हाइकांचा आरसासुद्धा मी माझ्या मशीनकडे पाठ करून ठेवलाय. आणि या बायका म्हणतात, हानसोलच्या आईसारखी नम्र बाई पाहिली नाही. नम्र कसली, डोंबल.

हानसोलचे दोन दुधाचे दात पडले. मला टाकू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
हानसोलची आई


गोहुंग, २२ ऑक्टोबर

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व कुशल, यूजाची फळं पिवळी व्हायला लागलीत, गुडघा तेवढा कुरकुरतोय.

तुझं पत्र वाचून हसले, मग रडले, मग बांग पंचांचं पाणी आठवून परत हसले. अगं शहाणे, पापी आहेस हे मान्य. मीही आहे. पण पापी असणं वेगळं आणि टाकाऊ असणं वेगळं. तुझ्या दुकानात लोक फाटक्या पँटी घेऊन येतात ना? टाकाऊ असत्या तर आणल्या असत्या का? त्याने तुझ्यासाठी क्रुसावर जीव दिला आणि तू म्हणतेस त्याचा हिशेब चुकला. याला नम्रता म्हणत नाहीत बये, याला आगाऊपणा म्हणतात.

आता एक ऐक. तू जन्मलीस तेव्हा तुझे बाबा होडी घेऊन गेले ते तीन दिवस फिरकले नाहीत, हे तुला सगळ्यांनी मीठमसाला लावून सांगितलंय. पुढचं फक्त मला आणि तुझ्या आईला ठाऊक होतं. मूल झालं की दारावर पेंढ्याची दोरी लागते, मुलगा असला तर तिच्यात मिरच्या, मुलगी असली तर कोळसा आणि पाइनची डहाळी. चौथ्या मुलीला कशाला, म्हणून कोणी दोरी वळेना. मग मी अंगणात बसले आणि रीतीप्रमाणे उलटा पीळ घालून वळली. रागाच्या भरात इतकी लांब झाली की दारावरून उरली, ती कुंपणाला गुंडाळली. या घरात कोणीतरी आलंय हे अख्ख्या गावाला दिसलं पाहिजे होतं मला. तुझी आई खिडकीतून बघून रडली आणि मग खूप जेवली.

आता तुला गृहपाठ. रोज तीन गोष्टींसाठी देवाचे उपकार मानायचे, त्यातली एक स्वतःबद्दल. चलाखी करायची नाही.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
मावशी


देजॉन, ३ नोव्हेंबर

ती. मावशीस,
प्रभूमध्ये सलाम. यूजाची पेटी पोचली, दुकानभर वास सुटलाय.

दोरीचं वाचलं आणि त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा एकच पाय लहान करून बसले. गृहपाठात मात्र चलाखी केली, तुझ्यापासून काय लपवायचं. कोबी गोड निघाला, हानसोल हसली आणि माझी मशीन चांगली चालते, असली तिसरी गोष्ट दहा दिवस लिहिली. मशीन म्हणजे मी नव्हे, हे मलाही कळतं.

काल बुधवारच्या प्रार्थनेत पाळकसाहेबांनी सगळ्यांना एकदम मोठ्याने प्रार्थना करायला सांगितली. मला तेवढीच प्रार्थना आवडते, त्या गलक्यात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. म्हटलं, इथे उरकून टाकू. हळूच म्हणाले, प्रभू, मी मालसून. छप्पर कोसळलं नाही. मग जरा मोठ्याने म्हणाले. मग ती कुंपणावरची दोरी डोळ्यांपुढे आली आणि वाटलं, ती वळायला तुला त्यानेच बसवलं होतं. मी यायची कोणीतरी वाट पाहत होतं. मग माझा बांध फुटला, नाक वाहायला लागलं, आणि पाळकसाहेबांनी थांबण्याची घंटी वाजवलेली मला ऐकूच आली नाही. दोनशे माणसं गप्प आणि मी एकटी ओरडतेय, मालसूनला जन्माला घातलंस, उपकार, प्रभू, उपकार.

डोळे उघडले तर सगळ्या माना माझ्याकडे. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या पियो काकूंनी खणखणीत आमेन म्हटलं, आणि मागोमाग सगळ्यांनी. बाहेर पडताना काकूंनी विचारलं, ही मालसून कोण. मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, बरं झालं बाई कळलं, सहा वर्षं अगं ए म्हणून हाक मारतेय.

लाज खूप वाटली, मावशी. पण तिटकारा नाही वाटला. दोन्हींत फरक आहे हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं.

तुझ्या पत्राची वाट पाहते.

तुझी,
भाची


गोहुंग, ९ नोव्हेंबर

चि. मालसूनला,
अनेक आशीर्वाद. नावाने लिहिलंय, पत्र परत पाठवू नकोस.

यूजाची तोडणी ऐन रंगात आहे, मला तुझ्या बाप्तिस्म्याला यायला जमणार नाही. त्याऐवजी एक गुपित पाठवते. मी सगळ्या गावाची मावशी झाले ती हौसेने नव्हे. कागदावर माझं नाव सोउन आहे. पोरगी झाली, वाईट वाटलं, असा त्याचा अर्थ. तुझ्या आजोबांनी ठेवलं. माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी ते पुकारलं तेव्हा वाटलं, जमिनीने गिळावं. मग पाणी मानेवरून थेट पाठीत उतरलं आणि मला खुदकन हसू आलं. त्या नावाने मला पहिल्यांदा कोणी प्रेमाने हाक मारली ती तिथेच. लोकांना मात्र आजवर सांगितलं नव्हतं. तुझ्या ओरडण्याने मलाही धीर आला.

गळाबंद ब्लाउज घालू नकोस, पाणी अडकतं.

तुझीच,
सोउन मावशी


देजॉन, २१ नोव्हेंबर

ती. सोउन मावशीस,
प्रभूमध्ये सलाम आणि शिरसाष्टांग नमस्कार.

पास झाले. पहिल्या प्रश्नाला मी नुसतं हो म्हटलं, तर बांग पंचांनी हातातला पेला खाली ठेवला. दुसऱ्याला म्हटलं, हो, मालसूनवर आहे.

काल पाळकसाहेबांनी आडनावासकट पुकारलं, ह्वांग मालसून. मी पुढे गेले आणि गुडघे टेकले. पाणी पाठीत उतरलं, तुझी आठवण आली आणि मला हसू फुटलं. पहिल्या बाकावरून हानसोल मोठ्याने म्हणाली की ती माझी आई आहे. सूप पियो काकूंनी वाढलं. मी बसून जेवले, दोन वाट्या.

आज सकाळी आरसा मशीनकडे फिरवला. समोर एक बाई टीप मारत बसली होती. केस विस्कटलेले, पण हात चांगले आहेत तिचे. आजचा तिसरा उपकार तिच्यासाठी.

कुंपणावरची ती दोरी अजून सोडू नकोस.

तुझी भाची,
मालसून