बरणीवरची चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ. पाली.

आज कॉलेजच्या प्राणिसंग्रहात आमच्या प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुख सरांनी माझ्या बरणीवरची चिठ्ठी परत बदलली. बिंदुसरा धरणातून मीच धरून आणलेला, रुपयाएवढा जेलीफिश. तो त्यांनी पुन्हा समुद्रातल्या मोठ्या जेलीफिशांच्या रांगेत ठेवला. म्हणाले, "मॅडम, छत्रीसारखाच दिसतो ना? मग त्यांचाच. उद्या तपासणीला समिती येणार हाय, लई फाटे फोडू नका."

दिसतो म्हणून त्यांचाच? त्याच्या छत्रीच्या कडेला आतून एक पातळ पडदा असतो. त्या समुद्रातल्या मोठ्यांना तो नसतो. हा हायड्राच्या कुळातला, डबक्यात पानाला चिकटून राहणाऱ्या इवल्याशा हायड्राच्या. मी भिंग पुढं केलं, तर सरांनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी आईला सांगितलं. भाकरी थापतच ती म्हणाली, "आगं, तुझ्यासाठी आलेलं माजलगावचं स्थळ कामून सोडलं? त्यांची-आपली तोंडं कुठं जुळत होती? पण निघाले भावकीतले." चौथी शिकलेल्या बाईला जे कळलं, ते सरांना कळू नये?

मी तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका. पुढच्या वर्षी तास द्यायचे की नाही, ते सरांच्या हातात. भीती वाटत नाही असं नाही. पण तो पडदा मी पाहिलाय. आता न पाहिल्यासारखं कसं करू?

नवी चिठ्ठी लिहिली, खाली माझं पूर्ण नाव. उद्या सगळ्यांच्या आधी जाऊन चिकटवणार. आणि बरणीशेजारी भिंग ठेवणार. समितीतलं कुणीतरी वाकेलच.