पेन्सिल्व्हेनिया माझ्या खिशात

१५ ऑक्टोबर, रविवार
पेन्सिल्व्हेनियात आमचा उमेदवार दोन टक्क्यांनी पुढे. निश्चय: एकट्यादुकट्या सर्व्हेवर हुरळायचं नाही, सरासरी काढायची. लोरेटा म्हणाली, "सरासरी राहू दे. माझ्याबरोबर दारोदार चल, माणसं मतदानाला बाहेर काढू." बायकोचे गुडघे दुखतात, मान्य. पण कुणीतरी शास्त्रीय बाजू सांभाळायला नको?

१९ ऑक्टोबर, गुरुवार
मतपत्रिका टपालाने आल्या. लोरेटाने बजावलं, "काझ, मत आतल्या लिफाफ्यात, तो लिफाफा बाहेरच्यात. घोळ घालू नकोस, मत बाद होतं." मला सांगतेय! तीस वर्षं आकडेमोड केलेल्या माणसाला!

२३ ऑक्टोबर, सोमवार
नवा सर्व्हे. आम्ही एकने मागे. थापा! म्हाताऱ्यांनाच फोन केलेत. गणितात म्हाताऱ्यांचं वजन कमी केलं, दीडने पुढे आलो. कागद संपले, हाताला आलेल्या लिफाफ्यावर गणित मांडलं.
चार दिवस तळघरातच. वर गेलं की टीव्हीवर प्रचार, दारात प्रचार. जेवण खाली मागितलं. लोरेटा म्हणाली, "पिएरोगी वर आहेत. पाय तुलाही दिलेत देवाने."

२९ ऑक्टोबर, रविवार
टपाली मत निवडणूक कचेरीच्या पेटीत टाकून आलो. घाईत, कारण दोनला मिशिगनचे आकडे येणार होते.

३ नोव्हेंबर, शुक्रवार
अनोळखी नंबर. दोनदा कापला. सर्व्हेवाले असणार. लोक फोन उचलत नाहीत, म्हणून तर सर्व्हे चुकतात. काय बेजबाबदार लोक!

६ नोव्हेंबर, सोमवार
तोच नंबर. निरोप ठेवलाय. ऐकायला वेळ कुणाला? निश्चय: उद्यापासून मात्र तळघरात बसणं बंद.

७ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ
अंतिम अंदाज: १.४ ने विजय. लिफाफा खिशात, म्हणजे पेन्सिल्व्हेनिया माझ्या खिशात.

संध्याकाळी ८.२०
आठला मतदान संपलं. लोरेटा लंगडत आली. मी ऐटीत लिफाफा पुढे केला. तिने तो उलटा केला. मागे छापलं होतं: 'मतपत्रिका यात घाला.'
निरोप ऐकला. निवडणूक कचेरीची बाई होती. आतला लिफाफा नाही, मत बाद होईल, मंगळवारी आठच्या आत केंद्रावर येऊन पुन्हा मत द्या. बिचारी फार गोड बोलत होती.
लोरेटा जिन्यावरच बसली. म्हणाली, "आज एकशे चौदा दारं ठोठावली, काझ. एक राहिलं. तळघराचं."
ते उघडंच होतं, असं सांगणार होतो. नाही सांगितलं.