कव्हर हुकलं

४ मार्च

चि. टिकलीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतो कोण! फोनवर तू ‘बरी आहे’च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र.

माझी शाळा चौथीत सुटली, पण चाळीस वर्षं कॅरमबोर्ड घडवले. नुसत्या टकटकीवरून लाकूड ओलं की सुकं ते सांगतो. तेव्हा मला फसवणं सोपं नाही.

तुझी आई गेल्यापासून रोज संध्याकाळी सातला आपण मोबाईलवर कॅरम खेळतो. गेले बारा दिवस प्रत्येक डाव तू जिंकलीस. अगं, तू जन्माची अधाशी. राणी दिसली की झडप घालणार आणि मागोमाग कव्हरची सोंगटी हुकवणार, की राणी परत बोर्डावर. आता एकही कव्हर हुकत नाही. हरलेल्या बापाला मेसेज टाकून चिडवतही नाहीस. तिकडे बसून खेळतंय कोण? जावई शोधला असशील तर सांग. नेम बरा आहे त्याचा.

तुझा,
बाबा

१३ मार्च

ती. बाबांना सा. न.

जावई नाही हो, मशीन आहे. माझ्या जोडीची एक्स-रे काढणारी मुलगी नोकरी सोडून गेली. तेव्हापासून सातच्या वेळी मी दवाखान्यात लोकांच्या बरगड्यांचे फोटो काढत असते. खेळात ‘आपोआप’ असं बटण आहे, ते दाबून जाते. तुम्ही सातला धुतलेला शर्ट घालून बसता, असं शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या. समोर कोणी नाही हे तुम्हाला दिसू नये, एवढंच.

खोलीवर परतते तेव्हा मशीनने तुम्हाला हरवलेलं असतं आणि मला बोलायला भिंती असतात. रागावा, पण लोभ कमी करू नका.

टिकली

२२ मार्च

चि. टिकलीस,

आशीर्वाद. रागावलो नाही. रिकाम्या खुर्चीची मला सवय आहे, पण तीत भलत्याला बसवू नकोस. रोज डाव संपला की मोबाईलकडे बघून मी विचारायचो, जेवलीस का गं? इतके दिवस मशीनच्या जेवणाची चौकशी केली!

बुद्धिबळ असतं तर पत्रातून खेळलो असतो. कॅरमचा फटका पाकिटात मावत नाही. तर असं कर. सुट्टीच्या दिवशी कुठूनतरी खरा बोर्ड मिळव, मला फोन लावून तो बोर्डाच्या लाकडी फ्रेमवर ठेव आणि दोन फटके मार. कोणी एक शब्द बोलायचा नाही. खेळणारी तूच का, ते माझे कान ठरवतील.

म्हाताऱ्याचा एवढा हट्ट पुरव.

बाबा

३१ मार्च

ती. बाबांना सा. न.

दवाखान्यात कपाटामागे एक जुना बोर्ड सापडला, तो खोलीवर आणला. रविवारी दोन फटके मारले. तुम्ही शब्द न बोलता फोन ठेवलात. काय ठरलं? बोर्ड तसाच मांडलेला आहे. समोर कोणी नाही.

लवकर लिहा.

टिकली

९ एप्रिल

चि. टिकलीस,

बोर्ड भिकार आहे. उजवी फ्रेम सैल, पावडर दमट. पहिला फटका राणीवर. एवढ्या हावरेपणाने दुसरं कोण मारतं? राणी जाळीत गेली. दुसरा फटका नुसता लाकडावर. कव्हर हुकलं.

न बोलण्याची अट माझीच होती. तोंड उघडलं असतं तर मोडली असती, म्हणून फोन ठेवला.

तूच आहेस.

जेवलीस का?

बाबा