पाणसळीतला बुडबुडा

प्रिय मिरचे,

या फ्रिजनं माझा पार भुगा केलाय. मोटारीमागं ओढायचं आपलं चाकांवरचं घर तुझ्याकडे यायला अंगणात सजून उभं आहे, आणि त्यातला हा गॅसवरचा फ्रिज आठवडाभर रुसून बसलाय. चार दिवसांची वाट, मध्ये वीज मिळेल न मिळेल. तुझ्या आईचं इन्सुलिन गार राहिलं नाही तर निघणार कसे? तिला तर तुझं नवं घर बघायची कोण घाई!

मी काय करायचं बाकी ठेवलं? बर्नरच्या नळीत कोळ्यानं संसार थाटला होता, तो उठवला. जेट धुतला, काजळी खरवडली. ज्योत बघावी तर निळीशार, आत मात्र लोणी पाघळलेलं. तीनदा खोलला, तीनदा बसवला, तिसऱ्यांदा एक स्क्रू उरला. तुझी आई म्हणाली, तुमच्या डोक्यातला असेल, बघा.

शेवटी नाक मुठीत धरून मेकॅनिकला फोन केला. त्याचा पहिलाच प्रश्न, काका, गाडी सपाटीला आहे ना? मी उखडलोच. चाळीस वर्षं लोकांची दारं सरळ बसवणाऱ्या सुताराला हे विचारतोस? पहिल्याच दिवशी पाणसळ लावून, बुडबुडा मधोमध बघून पातळी घेतलीय मी! तो म्हणाला, याच्या नळ्यांतलं पाणी उतारानंच फिरतं, गाडी कलली की अडतं. आज लावून बघा.

रागारागानं लावली. बुडबुडा थेट टोकाला.

गाडीचं पुढचं टोक उचलणारा जॅक कुणीतरी दहा-बारा फेरे वर चढवला होता. अंगणात आम्ही दोघंच. प्रवासाचा सराव म्हणून तुझी आई दुपारी तिथंच आडवी होते, उशी पुढच्या बाजूला. विचारलं तर आधी म्हणे, मला काय कळतंय त्यातलं. मग हळूच खाटेच्या कडेला बसून म्हणाली, सपाट पडलं की गुदमरतं. महिना झाला. उशांची थप्पी लावली असती तर मला कळलं असतं आणि मी जाणंच रद्द केलं असतं. म्हणून माझा डोळा लागला की ही बाई जॅकचं हँडल फिरवायची. आणि मी फ्रिजला शिव्या घालताना शेजारी बसून एकेक स्क्रू हातात द्यायची!

गाडी सपाट केली. अर्ध्या दिवसात फ्रिजनं बर्फ धरला. काही दुरुस्त झाल्याचं आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, प्रवासाचं नाव काढू नका. तुझ्या नव्या नोकरीत विघ्न नको म्हणून तुला न कळवण्याची तिनं मला शपथ घातलीय. पण पोरी, एकदा पाणसळ लावली म्हणजे झालं, असं धरून मी आठवडाभर नको तिथं खोलत बसलो. तू फोनवर विचारतेस, आई बरी ना? ती म्हणते, बरी आहे. तू तसं धरून बसू नकोस. ये. शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी.

तुझाच,
एक स्क्रू उरलेला बाबा