सत्तेचाळीस नंबरचा रिकामा रकाना

४ मार्च
आले बाई एकदाची माढ्याहून सोलापुरात! जुळे सोलापुरात खोली, चालत पाच मिनिटांवर ऑफिस. लढाऊ विमानांच्या इंजिनांची कार्डं येतात, त्यातले आकडे आपण चढवायचे. प्रत्येक इंजिनाचं आयुष्य ठरलेलं. भरलं की उतरवतात. दुधनीचे चनबसप्पाकाका शिकवतात. म्हणाले, इंजिन तासांनी न्हाय, चढउतारांनी म्हातारं होतंय की. पायलटनं पूर्ण जोर दिला नि कमी केला की एक चढउतार. नोंद गहाळ असली तर एका उड्डाणात होऊ शकतो तो सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, अंदाज चालत न्हाय.

सत्तेचाळीस नंबरच्या कार्डावर चक्क आमच्या सयाजीची सही! धाकटा भाऊ, हवाई दलात पायलट, म्हणजे माझ्यापेक्षा मोठा साहेब. दिवसभर हसू आवरेना.

१९ मार्च
सयाचा फोन. विमानं कमी, उडायला मिळत नाही म्हणून तोंड पाडून बसलाय. आज नेमका सत्तेचाळीसचा चढउतारांचा रकाना रिकामा आला. इंजिनाचं आयुष्य भरत आलेलं. मोठा आकडा, चाळीस, लिहिला तर उद्याच उतरवणार. मी बारा लिहिले. एरवी तेवढेच तर असतात. उडू दे की पोराला चार दिवस.

२२ मार्च
सया गेला. सत्तेचाळीसचं इंजिन हवेत फुटलं.
मी केलं हे. आईला सांगायची हिंमत नाही.

८ एप्रिल
कामावर आले. काकांनी आपल्या डब्यातली भाकरी माझ्यापुढे सरकवली. गठ्ठ्यात सत्तेचाळीसचं कार्ड. तारीख आजची. उड्डाण अकरा चाळीस, उतरल्याची वेळ नाही. सही सयाची, शाई ओली. काकांना दाखवलं. म्हणाले, कोरा कागद हाय पोरी, घरी जा.

११ एप्रिल
रोज येतं. रकाना रिकामा. मी बारा लिहिते, म्हणजे उद्या पुन्हा सही दिसेल. अकरा चाळीसला डोक्यावरून विमानाचा आवाज जातो आणि मधेच थांबतो. बाकी कुणाला ऐकू येत नाही.

१३ एप्रिल
मी बारा लिहिते म्हणून तो उडतो. रोज उडतो, रोज मरतो — अगं आई गं —

१५ एप्रिल
चाळीस लिहिले की इंजिन उतरेल. सया सुटेल. मग कार्ड नाही, सही नाही. तेवढीच तर उरलीय —

१६ एप्रिल
अकरा पस्तीस. आज सहीखाली त्याचंच अक्षर — ताई, आता चाळीस लिही ना गं —
लिहिते रे सया. चार काढला. आता शून्य —