आत्याची वेगळी बशी

सोमवार

चि. खारूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

अगं, अचानक टपकली ती तुमच्या प्रयोगशाळेतली किरणांची मोजणीवाली बाई! मागून तिचा नवरा, छत्री झटकत. मला वाटलं, तू भांडलीस की काय. छे! तू तिच्यापाशी रडलीस म्हणे, किरणांची साखर हाताळते म्हणून वहिनी बाळाला हात लावू देत नाही, चहाची बशीसुद्धा वेगळी ठेवते.

बाई गोड हो. माझा गुडघा विचारला (बरा आहे, जिना तेवढा नको म्हणतो), मग पिशवीतून यंत्र काढलं. तुझं स्वेटर, उशी, ती बशी, सगळ्यांवर फिरवलं. मधूनच टक्. नातसून, तुझी वहिनी, दचकली. बाईनं ते अंगणातल्या दगडावर धरलं, तिथंही तसंच टक्! म्हणाली, एवढं तर जमिनीतूनच येतं. मग नातसुनेनं आपणहून बाळ पुढं केलं. तेही दगडाइतकंच. वर यंत्राला लाथ मारली, गुणाचं माझं!

तुझं काम नातसुनेला कळेल असं लिही. मला कळलं की तिला कळलंच.

लोभ भरपूर आहे, अजून मावेल.
तुझी आजी

गुरुवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

वहिनीला वाचून दाखव. वहिनी, आम्ही काचेच्या बशीत जिवंत पेशी वाढवतो, त्यांना किरणं सोडणारी खूण लावलेली साखर चारतो. इवल्याशा त्या, किती खाल्लं ते दिसत नाही. पण साखर जाळून सोडलेल्या उच्छ्वासात ती खूण उतरते. तो झाकणाखालच्या कागदात धरायचा नि मोजायचा. आजारी पेशीची भूक अशी कळते. साखर चिमटीतही येणार नाही एवढी. हातमोजे तिथंच काढतो, हात तपासल्याशिवाय दार ओलांडत नाही.

तरी तू बाळाला आत नेलंस तेव्हा क्षणभर मलाच माझ्या हातांची भीती वाटली. म्हणून हट्ट केला नाही. तू म्हणशील तेव्हाच येईन.

आजी, माया पातळ करू नकोस.
तुझी खारूताई

सोमवार

चि. खारूताईस आशीर्वाद.

पत्र नातसुनेनं माझ्या हातून ओढून दोनदा वाचलं. विचारते, पेशींना भूक लागली की त्या रडतात का? म्हटलं, बाळाच्या आत्यालाच विचार. म्हणाली, विचारीन, पण बाळाला घ्यायच्या आधी हात धुवायला लावीन. तुलाच नव्हे हो, मलाही लावते.

आज सकाळी मांडणीत पाहिलं, तुझी बशी सगळ्यांच्या रांगेत. त्यावर बोलायला मी काय वेडी?

तू त्यांच्याबरोबरच ये. मोजणीवाली आणि तिचा नवरा परत येतो म्हणालेत, येत्या रविवारी.